मंडळाची मूठ

आमच्या शहाद्याच्या पोरांच्या हुतूतू मंडळाकडे रोकड कधी नसेच. कापूस असे. हंगामात जिनिंगकडे जाणारी गाडी वेशीवर अडवायची, "मंडळनी मूठ!" म्हणून ओरडायचं आणि गाडीवाल्यानं मूठभर कापूस आमच्या पोत्यात टाकायचा, ही रीत. कुणी शिव्या घालत टाकी, पण टाकी. तो कापूस विकून सामने भरवायचे. शेवटच्या सामन्याला पाहुण्या संघाला जेवण घालावं लागे, खरा खर्च तोच.

त्या वर्षी शेवटचा सामना ब्राह्मणपुरीशी होता आणि आमचा कप्तान मी. त्यांनी आम्हाला दरसाल लोळवलेलं. होळीनंतर मला सुरतेच्या गिरणीत कामाला जायचं होतं, मामांनी जागा धरून ठेवली होती. म्हणजे हा सामना झाला तर झाला, नाहीतर माझा खेळ संपला.

खजिनदार काका पक्के शेतकरी. भाव चढेल म्हणून त्यांनी घरचा कापूस धरून ठेवला होता, तसा मंडळाचाही धरला. पोती पिंजारी चाचांच्या ओसरीत. चाचा रोज कुरकुरत, "ईकी टाका रे आते, उंदरं व्यायनात!" काका म्हणत, "आठ दिन थांब, भाव चढी." जेवणाला पैसे नाहीत म्हणून सामना दोनदा पुढे ढकलला.

मी एकदा भडकलो. "काका, मी म्हातारा व्हसू तवय ईकशात का?" काका नुसते हसले.

होळी झाली, सामना राहिला तो राहिलाच. मी निघालो त्याच दिवशी काकांनी गाडी जुंपली. भाव चढायचा सोडून पडला होता, आणि नंदुरबारला जरा बरा मिळतो असं त्यांना कुणी सांगितलं होतं. मलाही तिथलंच स्टेशन गाठायचं होतं. असा मी मंडळाच्या पोत्यांवर बसून सुरतेला निघालो. प्रकाश्याला तापी उतरलो. राग असा होता की पोत्यांना लाथा घालाव्याशा वाटत होत्या.

नंदुरबारच्या वेशीवर पोरांनी गाडी अडवली. "मूठ द्या, मंडळनी मूठ!" त्यांचंही मंडळ होतं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "तू दे रे भो," म्हणाले.

मी पोत्याचं तोंड सोडलं आणि हातात मावेल तेवढा कापूस काढून दिला. घेणाऱ्या पोरानं विचारलं, "तू बी खेळस का?"

"खेळत व्हतू," मी म्हणालो. काकांनी बैल हाकले.