माझा नसलेला बाप

ताई वाचत होत्या आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

उघड कोणी बघत नव्हतं. एकाने पाण्याचा तांब्या उचलताना बघितलं. एकीने चष्मा पुसताना बघितलं. शेजारी बसलेल्या पुण्याच्या बाईंनी माझ्या हातावर आपला हात ठेवला आणि हळूच दाबला. दुपारचे चार वाजले होते. बेटावरच्या आंब्याखाली सतरंज्या टाकून आम्ही चौदा जण गोल करून बसलो होतो. ताई वाचत होत्या त्या कथेतली मुलगी गावाबाहेरच्या वस्तीत राहत होती. तिचा बाप दारू पिऊन यायचा. आईला केसाला धरून ओढायचा. मुलगी पाटलांच्या घरचं उरलंसुरलं खाऊन शाळेत जायची. शेवटी ती म्हणत होती, मी माझ्या बापाला माफ केलंय, कारण त्यालाही कोणी माणूस मानलं नव्हतं.

वाचन संपलं. ताईंनी कागद छातीशी धरला. त्यांचे डोळे भरले होते.

"नाव विचारायचं नाही हा आपला नियम आहे," त्या म्हणाल्या. "पण जिने हे लिहिलंय तिला मी एवढंच सांगेन, तू एकटी नाहीस."

आणि माझ्याकडे बघून हसल्या.

ते मी लिहिलं नव्हतं.

माझा बाप दारू पीत नाही. तो कालव्यावर पाटकरी आहे. कालव्याचं पाणी कोणाच्या शेताला कधी सोडायचं, किती तास सोडायचं, ते बघणारा माणूस. आमचं घर बौद्ध. आजोबा दुसऱ्याच्या शेतात राबले. बाप सातवी झाला आणि नोकरीला लागला. मी ओतूरच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याच्या एका संस्थेचं पाच दिवसांचं लेखन शिबिर होतं. डिंभ्याच्या धरणात पाऊसकाळ संपल्यावर एका टेकडीला चारी बाजूंनी पाणी लागतं आणि तिचं बेट होतं. तिथं. होडीनं जायचं, एकत्र राहायचं, एकत्र रांधायचं, लिहायचं. आमच्या सरांनी माझं नाव पाठवलं. निवडीचं पत्र आलं तेव्हा मी ते चार वेळा वाचलं. तिसऱ्या वेळी कळलं की माझ्या नावापुढे पेन्सिलीने काहीतरी लिहून खोडलंय. उजेडात धरलं तर वाचता आलं. 'राखीव.' मी बापाला दाखवलं नाही.

तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकत होती. पण जायचं तर होतंच. मला लिहायचं होतं.

पहिल्या दिवशी शिबिर चालवणाऱ्या ताईंनी सगळ्यांना कागदाचे बिल्ले दिले. फक्त पहिलं नाव. "इथे आडनाव नाही, जात नाही, हुद्दा नाही. सगळ्यांनी सगळ्यांना तू म्हणायचं." त्या साठीच्या होत्या. मला काही त्यांना तू म्हणता आलं नाही. त्यांना मला म्हणता आलं. लगेच आलं.

मग ओळखी झाल्या. ताई म्हणाल्या, "आपल्यातलं कोणी अशाही घरातून आलंय जिथे एक पुस्तक नव्हतं." म्हणताना त्या माझ्याकडे बघत होत्या. आमच्या घरात पुस्तकं आहेत. पत्र्याच्या पेटीत आहेत, पण आहेत. मी म्हणाले नाही. चहाच्या वेळी तिघांनी मला वेगवेगळं गाठून विचारलं, वडील काय करतात, गावात घर कुठल्या बाजूला आहे. पुण्याच्या अनिरुद्धला असलं काही कोणी विचारलं नाही. तो पत्रकारितेचा अभ्यास करत होता. उंच, हसतमुख, बोलायला गोड. लॅपटॉप घेऊन आला होता आणि बेटावर लाइट नसल्याचं पहिल्याच दिवशी कळल्यावर स्वतःवरच हसला होता. मला तो आवडला होता, हेही सांगते.

शिबिराची पद्धत अशी. प्रत्येकाने लिहिलेलं निनावी कागदावर उतरवून एका डब्यात टाकायचं. ताई एकेक काढून वाचणार. कोणाचं ते विचारायचं नाही. शेवटच्या दिवशी वाटलं तर आपलं आपण सांगायचं.

त्या दुपारी त्या कथेच्या आधी माझी गोष्ट निघाली होती.

मी बापावरच लिहिलं होतं. आमच्या भागातले एक मोठे बागायतदार. सगळे त्यांना आबा म्हणतात. माझे आजोबा त्यांच्या ओट्याखाली उभे राहायचे, वर चढायची सोय नव्हती. एका उन्हाळ्यात आबांच्या उसाला पाणी पाहिजे होतं आणि त्यांची बारी, म्हणजे पाण्याची पाळी, चार दिवस लांब होती. त्यांनी बापाला आणायला जीप पाठवली. बाप जीपमध्ये बसला नाही. म्हणाला, "सायकल हापिसाची हाय, येकटी कशी सोडू?" आणि जीपच्या मागे सायकल मारत गेला. ड्रायव्हरला गाडी पहिल्या गिअरात चालवायला लागली. पुढच्या वेळी आबा स्वतः आमच्या दारात आले. "पाटकरी भाऊ, हाय का घरी?" बाप म्हणाला, "या आबा, बसा." घरात बसायला एकच खाट, आमची. आबा तिच्याकडे बघत उभे राहिले. बापाने वही काढली. बारी त्याला तोंडपाठ होती. तरी बोटाला थुंकी लावून एकेक पान उलटत राहिला. अर्धा तास. शेवटी आबा खाटेवर बसले. मग बापाने वही मिटली. "शुक्रवारी, आबा. नियमानं."

ताईंनी हे वाचलं तेव्हा सगळे हसले. खदखदून. जीपच्या जागी टाळ्या पडल्या. माझे कान गरम झाले. जन्मात पहिल्यांदा माझं लिहिलेलं कोणी ऐकत होतं. मग एक चष्मेवाले गृहस्थ म्हणाले, "हा तिरकसपणा एकाच माणसाचा असू शकतो," आणि सगळे अनिरुद्धकडे वळले. अनिरुद्ध हसला. नाही म्हणाला नाही.

त्याच्यानंतरच तो दुसरा कागद निघाला. आणि सगळे माझ्याकडे वळले.

मीही नाही म्हणाले नाही.

हे लिहायचं टाळता आलं असतं. पण खरं तेच लिहायचं ठरवलंय. मला बरं वाटलं होतं. ते माझ्या हातावरचे हात, ते 'धीराची आहेस गं', ते मला आधी चहा देणं. दोन दिवस मी कोपऱ्यात होते, आता मधोमध होते. माझी गोष्ट दुसऱ्याला दिली गेली याचा राग यायला हवा होता. तो यायच्या आधी हे सगळं आलं. मी मान खाली घालून चहा प्यायले.

स्वयंपाकाला काठावरच्या वाडीतल्या हिरामावशी यायच्या. एकत्र रांधायचं असं कागदावर होतं. प्रत्यक्षात आम्ही कांदे चिरायचो आणि बाकी सगळं मावशी करायच्या. जिथं आम्ही सतरंज्या टाकल्या होत्या ती धरणाआधी त्यांच्या सासऱ्याची भाताची खाचरं होती. त्यांनी हे मला भाकरी थापताना सांगितलं. डब्यात कागद टाका असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी कांदे चिरायला बसले तर मावशी म्हणाल्या, "काय गं पोरी, तुझा बाप लई मारायचा म्हणं?"

"कोण म्हणालं?"

"त्या पुण्याच्या बाई सांगत व्हत्या. म्हणल्या, तिला दोन चपात्या जास्ती वाढ."

"माझा बाप नाही मारत, मावशी."

"मंग सांग की तसं. त्वांडाला काय कुलूप हाय?"

"आणि चपात्या?"

"चपात्या खा. त्या काय त्या बाईच्या बापाच्या न्हाईत."

त्या हसल्या. मीही हसले. मग राहिलेले कांदे चिरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनिरुद्ध पाण्याच्या कडेला भेटला. मी विचारलंच नव्हतं. तोच बोलायला लागला. "ती कथा माझी आहे. तुझ्या लक्षात आलं असेल. पण मी तुमच्या बाजूनेच लिहिलंय."

"तुम्ही असा बाप बघितलाय?"

"वाचलंय खूप. आणि तू म्हणायचं ठरलंय ना आपलं?" तो हसला. "हे बघ, मी वाचली तर ती नुसती कथा. तू वाचलीस तर तिला वजन येईल. तूच ठेव ती."

"आणि माझी?"

त्याने एक खडा उचलून पाण्यात टाकला. "मी कुठे म्हटलं माझी आहे? मी नाही म्हटलं असतं तर तुझं नाव उघडं पडलं असतं. नियम आहे तो."

त्याने देऊन टाकली. बापच देऊन टाकला. पिणारा, मारणारा, पुण्यात बसून तयार केलेला. आणि माझा सायकलवाला घेऊन गेला.

जेवणाआधी ताईंनी मला बोलावलं. उद्या समारोपाला पुण्याहून पाहुणे येणार होते. "तू तुझी कथा वाचायचीस," त्या म्हणाल्या. "आपण पुस्तिका काढतोय. त्यात ती पहिली असेल, तुझ्या पूर्ण नावाने. तुझ्या कॉलेजलाही प्रती पाठवू. लाजू नकोस. ज्याची लाज वाटते तेच लिहायचं असतं."

पूर्ण नावाने. म्हणजे मध्ये बापाचं नाव. आणि प्रती ओतूरला.

तिथं मला जाग आली.

मी नववीत असताना कोणीतरी बापाविरुद्ध निनावी अर्ज केला होता. पाटकरी ड्युटीवर पिऊन असतो. मी त्या दिवशी कालव्याच्या ऑफिसात डबा घेऊन गेले होते आणि खिडकीबाहेर उभी होते. साहेबांनी बापाला टेबलासमोर उभं केलं. चार शेतकरी बाकावर बसलेले. साहेब म्हणाले, "तोंड उघड." बापाने तोंड उघडलं. साहेब उठले, जवळ गेले आणि वास घेतला. मग म्हणाले, "फुंक मार." बापाने फुंक मारली. बाकावरचे हसले. बाप बाहेर आला, माझ्या हातातून डबा घेतला, म्हणाला, "आईला सांगू नको." मी आजवर सांगितलेलं नाही.

तो अर्ज निनावी होता. हा पोरीच्या सहीचा असणार होता. आमच्या भागात बारी न मिळालेली माणसं थोडी आहेत का? एकाने पुस्तिका वाचली की बास. पाटकऱ्याची पोरगीच लिहिते, बाप पिऊन मारतो म्हणून. यावेळी साहेबाला वास घ्यायचीही गरज पडणार नव्हती.

मी ताईंना तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. त्याऐवजी 'हो' म्हणाले आणि बाहेर आले. ही माझी दुसरी चूक.

समारोपाला होडीतून दहाबारा पाहुणे उतरले. ताईंनी माझी ओळख करून दिली. 'वेदना', 'धैर्य', 'मातीतला आवाज' असे शब्द होते. मग माझ्या हातात ते कागद दिले. मी उभी राहिले आणि म्हणाले, "ही कथा माझी नाही. ही अनिरुद्धची आहे."

ताई हलक्या आवाजात म्हणाल्या, "अगं, नाव उघड करायचं नाही असं ठरलं होतं ना?"

"माझं कधी झाकलेलंच नव्हतं."

अनिरुद्ध तळहाताकडे बघत बसला होता. मी म्हणाले, "माझे वडील दारू पीत नाहीत. त्यांच्यावर लिहिलेली गोष्ट माझी आहे. परवा तुम्ही तिला हसला होता. ती वाचते."

कागद जवळ नव्हता. पाठ होती. सांगायला लागले.

जीप आली. कोणी हसलं नाही.

मला वाटलं, मी नीट सांगत नाहीये. सायकल आली. पहिला गिअर आला. परवा इथं टाळ्या पडल्या होत्या. तेच लोक, तोच आंबा. आता सगळ्यांचे चेहरे प्रार्थनेला बसल्यासारखे. आबा खाटेकडे बघत उभे राहिले, बापाने बोटाला थुंकी लावली, आणि माझ्या हातावर हात ठेवणाऱ्या त्या बाईंनी रुमाल काढला. डोळ्यांना लावला.

मी थांबले. म्हणाले, "इथं हसायचं असतं."

"हो, हो," त्या ओल्या आवाजात म्हणाल्या. "वाच तू, बाळा."

तेव्हा मला कळलं. गोष्ट अनिरुद्धची होती तोवर माझा बाप हुशार होता. माझी झाल्याबरोबर तो बिचारा झाला. एक शब्द बदलला नव्हता.

मी शेवटपर्यंत सांगितलं. मोठ्याने, सावकाश. चुलीपाशी उभ्या हिरामावशी शुक्रवारच्या वाक्याला फिस्सकन हसल्या. तेवढंच.

नंतर ताई संमतीचा फॉर्म घेऊन आल्या. रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुझी गोष्ट गोड आहे," त्या म्हणाल्या. "पण पुस्तिकेत जरा हलकी वाटेल. शेवटी ते आबा वडिलांना काहीतरी लागेल असं बोलतात, एवढं घाल. मग ती पूर्ण होईल."

"आबा काही बोलले नाहीत. त्यांना पाणी पाहिजे होतं."

"अगं, घडलं नसलं तरी साहित्यात ते..."

"मग छापू नका."

मी फॉर्म घेतला. त्यावर 'माझी परवानगी नाही' असं लिहिलं आणि खाली आडनावासकट सही केली. त्यांनी तो वाचला, दुमडला, पर्समध्ये ठेवला. घोडेगावच्या एसटीत बसेपर्यंत माझ्याशी कोणी बोललं नाही. अनिरुद्धही नाही.

पुस्तिका निघाली. कॉलेजात प्रत आली. ती कथा आहे तिच्यात, अनिरुद्धच्या नावाने. लोक म्हणतात, चांगली आहे. असेल.

मी तिसऱ्या वर्षाला आहे आणि लिहिते आहे. साहेबाने तोंड उघडायला लावलं ते आता इथं लिहिलं, बापाला विचारून. त्याने बारीची वही मिटली. मग म्हणाला, "नाव टाक. तुझं टाक, माझंबी टाक." म्हणून हे मासिकाकडे सहीनं पाठवते आहे. माझ्या बापात दोष आहेत. तो हट्टी आहे, आईचं ऐकत नाही, माणसाला ताटकळत ठेवायला त्याला आवडतं. तेही लिहीन. कोणाला रडायचं असेल त्याने खुशाल रडावं. त्या रडण्यासाठी मी बापाचं एक बोटही वाकवणार नाही. आणि यापुढे कुठल्याही गोलात बसले, कोणीही वाचत असलं आणि माझं नसलेलं माझ्या पदरात पडलं, तर चहा यायच्या आधी उठून सांगेन.