मोरीचा अर्धा वाटा

हॉटेलात टीप ठेवणाऱ्याला वाटतं, वेटरला दिली, विषय संपला. तसं नसतं. बडीशेपेच्या बशीत ठेवलेलं नाणं पुढं कुठं कुठं जातं, आणि कुठं कुठं जात नाही, ते मला विचारा. मी मोरीवर भांडी घासायला होते. पाहुण्यांची तोंडं मी क्वचितच पाहिली, त्यांचं उष्टं मात्र रोज पाहिलं.

आमचं हॉटेल रावेतच्या अलीकडं, पवनेच्या काठाला होतं. आता ज्याला रिसॉर्ट म्हणतात तसलंच. बाग होती, झोपाळे होते, नदीकडं तोंड केलेल्या खोल्या होत्या. रविवारी मुंबईची कुटुंबं हवा खायला यायची. बाकीचे दिवस पिंपरी-चिंचवडच्या कंपन्यांचे पाहुणे असायचे. मशिनं बसवायला यायचे आणि महिना महिना मुक्काम ठोकायचे.

आम्ही नवरा-बायको दुष्काळाच्या साली बीडकडून इकडं आलो. तो फाउंड्रीत लागला, मी मोरीवर. काही वर्षं बरी गेली. मग त्याला खोकला धरला, खोकल्यातून रक्त पडायला लागलं, आणि औंधला छातीच्या दवाखान्यात त्याला खाट मिळाली. औषध फुकट होतं. पण डॉक्टर म्हणाले, अंडी, दूध पोटात गेलं पाहिजे, नुसत्या औषधानं हा माणूस उभा राहायचा नाही. माझा पगार खोलीच्या भाड्यात आणि गावाकडं सासूला धाडण्यात जायचा. त्याची अंडी यायची ती टीपच्या डब्यातून.

हा डबा म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा. झाकणाला चीर पाडलेली, काउंटरच्या मागं ठेवलेला. आमचा हेडवेटर कोकणातला, वयानं मोठा, शब्दाला पक्का. त्यानंच नियम घालून दिला होता की बशीतलं नाणं कुणी खिशात घालायचं नाही, थेट डब्यात टाकायचं. गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, त्यामुळं दुपारी हॉल रिकामा असायचा. तेव्हा डबा टेबलावर उपडा व्हायचा. वेटरला पूर्ण वाटा, आचाऱ्याला आणि खोल्या झाडणाऱ्याला अर्धा.

मी कामाला लागले तेव्हा मोरीला काहीच नव्हतं. पहिले काही गुरुवार मी गप्प बसले. मग एकदा पदर खोचून हॉलमध्ये गेले आणि हेडवेटरला म्हटलं, "भाऊ, उद्या ताटाला खरकटं राहिलं, ग्लासाला वास आला, तर तुमच्या बशीत कोण पैसे ठेवंल?" बाकीचे वेटर हसले. तो हसला नाही. पुढच्या गुरुवारी त्यानं माझ्यासमोर अर्धा वाटा सरकवला आणि म्हणाला, "वहिनी, तुमचं बरोबर आहे."

नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो खाटेवर उठून बसला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला म्हणाला, "बघा, आमच्या मंडळीनं भांडून वाटा घेतला." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "ही बक्षिशी न्हाई बरं का. बक्षीस म्हंजी उपकार. ह्यो वाटा हाय." माणूस असा होता की शेजाऱ्यानं दिलेली विडीसुद्धा परत केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्या दिवसापासून तो मनापासून अंडी खायला लागला. माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या गालांवर जरा मांस चढलं.

मग शेठनं बिलावर सर्व्हिस चार्ज लावला. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत म्हणे असंच असतं. बिलाच्या खाली शंभराला दहा, छापील. पाहुण्यांना वाटलं, चला, नोकरांचं यातच आलं, आता वेगळं कशाला ठेवायचं. बशीत नुसती बडीशेप उरायला लागली. गुरुवारी डबा उपडा केला की त्याचा आवाजही होईना. आणि बिलातला चार्ज कुठं जायचा? शेठच्या गल्ल्यात. वेटरांना सगळं कळत होतं, पण सगळे मूग गिळून बसलेले. रस्त्यावर कामाला माणसं कमी नव्हती.

मी अंडी कमी केली. नवऱ्याची नजर पिशवीकडं जायची आणि परत यायची, ते मला सोसत नव्हतं.

त्या काळात कंपनीचे एक साहेब आमच्याकडं बरेच दिवस राहिले होते. मुंबईचे, मराठी, पोटाचे दुखणेकरी. आमचा आचारी चाचा त्यांच्यासाठी वेगळं, बिनतिखटाचं करायचा. जायच्या दिवशी ते आभार मानायला स्वतः स्वयंपाकघरात आले. असं कुणी येत नसे. बरोबर शेठ, हसत, हात चोळत. साहेब चाचाशी बोलले, आणि जाता जाता सगळ्यांना म्हणाले, "आता बरं झालं तुमचं. चार्ज बिलातच येतो. आमच्या मर्जीवर राहायला नको."

माझे हात राखेत होते. तळपायाची आग मस्तकात गेली. मी वळून म्हटलं, "कुणाला येतो साहेब? हितं कुणालाच मिळत न्हाई. तुमी बशीत टाकत होता ते तरी मिळत होतं."

चाचानं झारा खाली ठेवला. साहेबांनी शेठकडं पाहिलं. ते ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, "शेठ, आमची कंपनी हे पैसे नोकरांसाठी म्हणून देते. तसं नसेल तर मला वर कळवावं लागेल." त्यांच्या कंपनीचे पाहुणे म्हणजे शेठचं अर्धं हॉटेल. तो म्हणाला, "गैरसमज आहे साहेब. हिशेब व्हायचा होता. येत्या पगारापासून देणारच होतो."

संध्याकाळी चाचानं मला साय घातलेला चहा दिला. वेटर येता-जाता "वहिनी, मानलं तुम्हाला" म्हणत होते. हेडवेटर मोरीपाशी येऊन म्हणाला, "आमच्या कुणात हिंमत नव्हती." मी नोकरी जाईल म्हणून घाबरले होते, पण ती गेली नाही. गुरुवारी नवऱ्याला सांगितलं, आता वाटा वाढणार. तो हसला आणि त्याला ढास लागली.

पगाराच्या दिवशी शेठनं वेटरांना एकेक करून काउंटरवर बोलावलं आणि चार्जचे पैसे हातात दिले. आम्ही आतली माणसं रांगेत उभी. शेवटचा वेटर बाजूला झाला तसा शेठनं गल्ला लावून घेतला.

मी म्हटलं, "शेठ, आमचं?"

"तुमचं काय? चार्ज टेबलावर वाढण्याचा असतो. तुम्ही कुणाला वाढलं?" शेठ शांतपणे म्हणाला. "आणि तो डबा काढून टाका. चार्ज आहे म्हटल्यावर टीप घ्यायची नाही. दिसला तर घरी पाठवीन."

मी हेडवेटरकडं पाहिलं. मला खात्री होती, तो बोलेल. आणि शेठसमोर नाही बोलला तरी बाहेर गेल्यावर सगळ्यांचे पैसे एकत्र करून वाटे घालील. डब्याचा नियम त्याचाच होता. बाहेर पडवीत मी त्याला गाठलं. तो म्हणाला, "वहिनी, डबा सगळ्यांचा होता. हे पैसे शेठनं ज्याच्या त्याच्या हातात दिलेत. पोरांच्या खिशात मी कसा हात घालू?"

"आणि तुमच्या खिशात?"

तो हॉलकडं वळला. त्याच्या पोरीचं लग्न ठरलं होतं, ते मला माहीत होतं. म्हणून काय झालं? मला त्याचा भयंकर राग आला, शेठचा आला नव्हता इतका. शेठ शेठसारखा वागला. हा मात्र मला माझ्यातला वाटला होता. माझ्या तोंडानं मी दुसऱ्यांची चूल पेटवली आणि माझीच विझवून बसले. त्या रात्री मी खोलीवर धाय मोकलून रडले.

गुरुवारी दुपारी मी दवाखान्यात जायला निघाले. पिशवी रिकामी होती. मोरीच्या कट्ट्यावर हेडवेटरनं काही नाणी आणून ठेवली. वेटरांनी मिळून काढली होती. माझ्याकडं न बघता म्हणाला, "वहिनी, राहू द्या. अंड्यांना होतील."

आधी तो वाटा सरकवायचा तेव्हा मी मोजून घ्यायचे, कमी वाटलं तर भांडायचे. या नाण्यांवरून कसलं भांडण करणार? ती कमी आहेत की जास्त, हे विचारायचा मला हक्कच नव्हता. फेकून द्यावीत असं वाटलं. हात तसा उचललाही. मग नवऱ्याची ती पिशवीकडं जाणारी नजर आठवली. मी नाणी उचलली, पदरात बांधली आणि म्हटलं, "उपकार झाले."

औंधच्या बसस्टॉपजवळ उकडलेली अंडी घेतली. नवरा वाट बघत बसला होता. पिशवी उघडून बघितली आणि त्याचा चेहरा उजळला.

"मिळाला वाटा?"

"मिळाला."

"मी म्हणलं न्हवतं? हक्काचं कुटं जात न्हाई," तो म्हणाला, तेही शेजारच्या म्हाताऱ्याला ऐकू जाईल असं. मग एक अंडं सोलून त्यानं त्याचे दोन भाग केले आणि एक माझ्या हातावर ठेवला. "खा. तुज्या कष्टाचं हाय."

उपकाराचं आम्ही आजवर कुणाचं खाल्लं नव्हतं. त्या दिवशी दोघांनी खाल्लं, आणि तो पोटभर समाधानानं खात होता म्हणून मी रडले नाही.