हरीची टाच

हरी गेल्याचा निरोप त्याच्या मुलीने शेजाऱ्यांच्या फोनवर दिला. झोपेतच गेला म्हणे... मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि त्यांच्याच पायरीवर बसून राहिलो. पन्नाशी उलटल्यावर अशा बातम्यांनी रडू येत नाही, नुसता थकवा येतो.

हरी मुरब्याच्या कोळीवाड्यातला, मी पालघरचा. बोईसरच्या एकाच कारखान्यात आम्ही दोघे फिटर. ऐंशी सालाच्या आसपास कॉलनीच्या हॉलमध्ये आम्ही बॅडमिंटनची जाळी बांधली आणि पहिली पाळी सुटली की तिथेच पडीक असायचो. फरशी सिमेंटची, खाऱ्या हवेने कायम ओलसर. कॅनव्हासचे बूट हमखास घसरायचे. हरीने ते काढूनच टाकले. "होडीवर कोन बूट घालतंय? आमी नाय घसरत," म्हणाला. त्याचं बघून आम्ही सगळेच अनवाणी. गुडघे कुरकुरू लागले, खांदे धरले. माझं कोपर दुखायला लागलं, तर डॉक्टर म्हणाले टेनिस एल्बो. टेनिसची रॅकेट मी जन्मात हातात धरली नव्हती! पण थांबतंय कोण? कारखान्यात दिवसभर साहेब ओरडायचा; इथे निदान आम्ही ओरडत होतो.

मग ती संध्याकाळ. उंच आलेलं शटलचं फूल मारायला हरी मागे सरकला, उडी घ्यायला गेला आणि फट् असा आवाज झाला. तो खालीच बसला. वळून माझ्यावर खेकसला, "सुध्या, टाचेवर रॅकेट कशाला हानलीस?" मी त्याचा जोडीदार, पार पुढे जाळीपाशी होतो. सगळ्यांनी सांगितलं, त्याला पटेना. मुका मार आहे म्हणत आंबेहळदीचे लेप लावून घरी बसला आणि माझ्याशी बोलणं टाकलं. मला राग यायचा, वाईटही वाटायचं. लंगडणं थांबेना, तेव्हा बायकोने त्याला बळेच मुंबईला नेलं. पोटरीला टाचेशी जोडणारी जाड शीर तुटली होती. ही तुटली की मागून कुणीतरी मारल्यासारखंच वाटतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. पण लेप लावण्यात फार दिवस गेले होते. ऑपरेशननंतर त्यांनी स्पष्टच सांगितलं, चालता येईल, उडी विसरा.

प्लास्टर निघाल्यावर एक दिवस हॉलमध्ये आला. माफीबिफी मागणं त्याच्या स्वभावात नव्हतं. सरळ जाळीपाशी जाऊन उभा राहिला. "तू मागचं सांबाळ. फुडचं माजं हाय."

त्यानंतर कितीतरी वर्षं मागचं सगळं कोर्ट मी एकटा धावलो. दमायचो, चिडायचो, त्याला शिव्या घालायचो. तो मात्र जागचा न हलता जाळीलगत असं फूल टाकायचा की भल्याभल्यांना उचलता यायचं नाही.

परवा कारखान्यातल्या नव्या इंजिनियरांनी आग्रह करून मला खेळायला उभं केलं. समोरून आलेलं फूल जाळीला घासून अलगद आमच्या बाजूला पडलं. मी मागेच उभा.

"काका, पुढं का नाही आलात? तुमचंच होतं ते," जोडीदार म्हणाला.

हरीचं होतं, असं सांगायचं होतं... मी फूल उचलून जाळीपलीकडे दिलं.