चौघींचा सामना

नव्या बास्केटबॉलच्या रबराचा वास आला, की मला सांगलीतली आमची पहिली स्पर्धा आठवते. हंगामाची सुरुवातच होती. मैदान मातीचं, फक्कीच्या रेषा ताज्या. आटपाडीहून आम्ही मोजून पाच मुली गेलो होतो. गुण बरोबरीत असताना आमच्यातल्या एकीचा पाय मुरगळला आणि बदली कुणीच नव्हतं. तेव्हा सांगलीची कर्णधार, त्यांची सगळ्यात भारी खेळाडू, स्वतःच बाहेर जाऊन बसली. त्यांचे सर ओरडले, "अगं, हरशील की!" ती म्हणाली, "हरू दे की सर. त्या चौघी हायत, मग आमी बी चौघीच." आम्ही एका बास्केटने जिंकलो, आणि टाळ्या वाजवत पहिली तीच धावत आली. पुढच्या वर्षापासून स्पर्धेचा तो नियमच झाला. आता मी शिकवलेल्या मुली त्या नियमाने खेळतात. तेव्हा नियम नव्हता, फक्त ती होती.