कोऱ्या डोक्यांचे पिंगळे

लाकूडडेपोच्या चौकीदाराला सगळे घुबडतात्या म्हणत आणि त्याला त्याचा कोण अभिमान! का नसावा? त्याच्या खोलीसमोर, कुंपणाला लागूनच एक जुनं पोकळ झाड होतं आणि तात्याच्या मते त्याच्या ढोलीत रानपिंगळे राहत. मुठीएवढं घुबड, पण दुर्मिळ. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपकेच ठिपके, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं. एवढा एक फरक कुणीतरी कधीकाळी सांगितलेला आणि तेवढ्यावर गडी पक्षितज्ज्ञ झाला! अर्ध्या हळकुंडाने पिवळं व्हायला वेळ लागतो का?

तात्याला मूलबाळ नव्हतं. सगळी माया त्या ढोलीवर. दरवर्षी कोरी डोकी ढोलीबाहेर डोकावू लागली, की एक ठिपकेवाली जोडी तिथे घिरट्या घालायची.

"आली मेली घर बळकावायला!" म्हणत तात्या दारातून पत्र्याचं डबडं बडवत सुटायचा.

"अहो, ताट निवतंय," बायको हाक मारायची.

"निवू दे! इथे माझ्या लेकरांच्या जिवावर उठलेत!"

एवढी डोळ्यांत तेल घालून राखण करूनही पाखरं दरसाल झाडाखाली मरून पडायची. तात्या खड्डा करून पुरायचा, ढसाढसा रडायचा. आपलीच राखण कमी पडते, म्हणायचा. यंदा तर त्याने रजाच टाकली आणि सकाळपासून डबडं हातातून सोडलं नाही.

त्यातच त्याने निरोप धाडलेल्या पक्षीवाल्या बाई आल्या. दुर्बीण लावून बराच वेळ बघत राहिल्या.

"तात्या, हे रानपिंगळे नाहीत. साधेच आहेत."

"काहीतरीच काय बाई! डोकी बघा की, ठिपका तरी आहे का?"

"पिल्लं आहेत ती. या वयात ठिपके नीट उमटलेले नसतात. नुसतं डोकं बघून चालत नाही, छाती बघायची, पोट बघायचं. पण फार रोडावलीत हो. आईबाप फिरकत नाहीत का? ठिपकेवाली जोडी दिसली असेल."

तात्याने डबडं खाली ठेवलं. "त्यांना मी हाकलतो बाई. दरवर्षी."

बाईंनी दुर्बीण पिशवीत ठेवली. मग हलकेच म्हणाल्या, "घरात चला. दार लावून घ्या."

"शिडी लावून मीच भरवतो ना!"

"खोड पार कुजलंय. ढोलीसकट खाली येईल."

तिघं खिडकीच्या फटीशी बसली. "करायला गेलो काय आणि झालं काय," तात्या पुटपुटत होता. "मीच मारली गं सगळी." बायको त्याचा हात धरून होती.

उन्हं तापल्यावर जोडी आली, समोरच्या खांबावर बसली. एकाच्या चोचीत टोळ होता. ढोलीत किरकिर उठली.

"जा रे बाबा," तात्या कळवळला. "जा, मी नाही येत."

पिंगळा बंद दाराकडे एकटक बघत राहिला. मग त्याने टोळ स्वतःच गिळला आणि दोघं जंगलाकडे उडून गेले.