अक्कांचा पालथा हात

अक्का विजेच्या मोटारीला कधी तळहात लावायच्या नाहीत. पालथा हात टेकवायच्या आणि तोंडातल्या तोंडात एक, दोन, तीन मोजायच्या. पाचापर्यंत हात टिकला तर मोटार ठीक; त्याआधीच चटका बसला तर ताबडतोब बंद. "तळहाताला करंट बसला की मूठ आवळती पोरी, माणूस चिकटतो. पालथा हात सुटून येतो," हे त्यांनी, मी त्यांच्या दुकानात काम शिकायला गेले त्या पहिल्याच दिवशी मला सांगितलं.

लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमारास त्या नवऱ्याबरोबर मुरुडहून आल्या. पत्र्याचं दुकान नवऱ्याचं, जळलेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याचं. तो गेला तेव्हा सगळ्यांनी दुकान विकून टाकायचा सल्ला दिला. अक्कांनी कपाळाला विभूती लावली आणि त्याच्या स्टुलावर जाऊन बसल्या. एखादं गिऱ्हाईक विचारायचं, "मिस्त्री कुठंय?" मान वर न करता त्या म्हणायच्या, "तुमच्या म्होरंच बसलाय की."

आम्ही तंत्रनिकेतनातल्या चौघी तेव्हा रिमोटवर पळणारी शर्यतीची गाडी बनवत होतो. नांदेडला स्पर्धा होती. गाडी हातभर लांब, मोटार मोठ्या लिंबाएवढी, आणि तीन फेऱ्यांत ती इतकी तापायची की जळका वास सुटायचा. दुसरी मोटार आमच्याकडे नव्हती. ही गेली की वर्षभराची मेहनत गेली. म्हणून आम्ही शक्कल लढवली, दर फेरीनंतर मोटारीवर ओलं फडकं टाकायचं. हे मी मोठ्या ऐटीत अक्कांना करून दाखवलं, आणि अशी बोलणी खाल्ली की विचारू नका. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तोच तो उन्हाळा.

"प्यायाला पाणी न्हाई आन् तुम्ही मोटारीला आंघोळ घालून राहिल्या! ती तापती कशानं, ते बघितलं का आधी?"

मग त्यांनी स्वतःच गाडी उलटी करून बघितली. वेगाच्या हावेपायी आम्ही मोटारीच्या दांड्यावर जास्त दात्यांचं चाक बसवलं होतं. ते काढून त्यांनी कमी दात्यांचं लावायला सांगितलं, वारा खेळावा म्हणून टपाला पुढेमागे खिडक्या कापल्या, आणि ॲल्युमिनियमची पट्टी घड्या घालून मोटारीभोवती आवळली. गाडीचा वेग जरा कमी झाला. आम्ही हिरमुसलो. "सोसंल तेवढंच मागावं," अक्का म्हणाल्या. त्या दिवशी पहिल्यांदा माझा हात पाचापर्यंत टिकला.

स्वतःला मात्र हा नियम त्यांनी लावला नाही. बोअरमधली मोटार भोवतीच्या पाण्यानंच थंड राहते. त्या वर्षी पाणी खाली गेलं आणि लोक आशेनं कोरड्या बोअरातही मोटारी चालवत राहिले. शिरूर अनंतपाळकडून जळक्या मोटारी टेम्पो भरून येत होत्या. वर तापलेला पत्रा, शेजारी भरलेल्या तारेवरचं वार्निश वाळवायची गरम बल्बची पेटी, आणि मध्ये अक्का. "दुपारी तरी जरा पडा ना," मी म्हटलं.

"एकेका मोटारीपाशी एकेक गाव घागरी घिऊन बसलंय. मी कशी पडू?"

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी आमची मोटार आणायला गेले. तिच्यातही त्यांनी नवी तार भरली होती. ती देताना त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. हात भाजत होते. मला ते कळलं, अगदी स्वच्छ कळलं. पेटीत हात घातला असेल, असं मी मनाशी म्हटलं. नांदेडची बस सुटायची होती. मी हात सोडवून घेतला आणि पळाले.

नांदेडला आमच्यापेक्षा वेगवान दोन गाड्या अर्ध्यात धूर काढून थांबल्या. आमची शेवटपर्यंत पळाली, तिसरी आली. प्रमाणपत्र दाखवायला धावत गेले तर दुकान बंद. ऊन लागून अक्का आदल्या संध्याकाळीच गेल्या होत्या. शेजारच्यांनी दार उघडून दाखवलं. टेबलावर अर्धी तार भरलेली मोटार तशीच पडून होती.

आता मी नांदेडला शिकवते. तापमान मोजायचं यंत्र आहे, तरी पोरींना आधी पालथा हात ठेवायला लावते. कुणीही हातात हात दिला की माझ्या मनात मोजणी सुरू होते. अक्कांचा हात मी तीन म्हणायच्या आत सोडला होता.