डोकं वाढून राहिलं

मैत्रिणींनो, आज दुपारी पांढुर्ण्याला सोनोग्राफी करून आली. मागच्या वेळी डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या, "बाळाचं डोकं पाहिजे तेवढं वाढलं नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा पाहू." तेव्हापासून घरात कोणाला नीट झोप नाही. हे पुण्याला कंपनीत आहेत, सुट्टी मिळाली नाही. म्हणून तिगाववरून सासूबाई सोबत आल्या.

मॅडमनं पडद्यावर बाळाच्या डोक्याभोवती गोल रेघ ओढून माप घेतलं, मागचा रिपोर्ट पाहिला आणि हसल्या. "वाढून राहिलं. आता काळजी नाही." सासूबाईंनी माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

आत मोबाईल नेता येत नाही. बाहेर आल्याबरोबर यांना फोन लावला.

"डोकं वाढलं जी!"

 यांच्या मागं कंपनीतल्या मशीनचा आवाज येऊन राहिला होता. हे हळूच म्हणे, "तू तं पाहिलं. मले सांग ना, कसं दिसते?"

मी सांगितलं. कपाळ, नाक, तोंडाजवळ मूठ.

"अजून एकदा सांग."

अजून एकदा सांगितलं. बाकावरच्या बाया हसून राहिल्या होत्या. आज हे माझ्या बाजूला उभे पाहिजे होते.

ज्यांचे घरवाले दूर आहेत, त्यांना विचारते. पोटातलं लेकरू तुम्ही फोनवर कसं दाखवलं? मला अजून बरेच दिवस दाखवायचं आहे.